आयडिया दिली आहे

उन्हाळ्यात दुपारी वॉर्डातला कूलर सुरू केला की आधी ओल्या गवताचा वास येतो. मग पाण्याचा, त्यात मिसळलेला किंचित गंजाचा, आणि पाचेक मिनिटांत या सगळ्यांवर फिनेलचा वास चढून बसतो. तेवढ्या पाच मिनिटांपुरतं सोलापूरचं ऊन खिडकीबाहेर थांबल्यासारखं वाटतं. आमच्या बायकांच्या वॉर्डात असे दोन कूलर आहेत. दारापाशी जो आहे त्याच्या नळीवर मोटारसायकलच्या ट्यूबची एक काळी पट्टी घट्ट गुंडाळलेली आहे. तीन उन्हाळे झाले, नळीतून एक थेंब गळलेला नाही. ज्या माणसानं ती पट्टी बांधली त्यानं बांधताना एक शब्द उच्चारला होता, आणि मला आज लिहायचं आहे ते त्या शब्दाविषयी. शब्द अगदी साधा आहे. आयडिया.

हा शब्द इंग्रजीतून आला हे आता कुणाला मुद्दाम सांगावं लागेल, इतका तो आपल्या घरात रुळला आहे. माझी आई चौथी शिकलेली. भाकरीच्या पिठात पाणी किती घालू, असं विचारलं की ती म्हणायची, "आयडियानं घाल की." म्हणजे अंदाजानं. पेटीचं कुलूप अडकलं की माझा भाऊ आम्हाला बाजूला सारून म्हणायचा, "जोर लावू नका, आयडियानं काढायचं असतं." म्हणजे हलक्या हातानं, युक्तीनं. शेजाऱ्यानं बांध कोरून दोन हात जमीन आपल्याकडे ओढली, तर त्यानं लई आयडिया केली. ती झाली लबाडी. रविवारी मैत्रिणीचा फोन येतो, "आज काय आयडिया?" हा बेत. आणि अनोळखी गल्लीत कुणाला घर विचारावं, तर मान हलवून उत्तर मिळतं, "आयडिया न्हाय ओ." हे निव्वळ अज्ञान, आणि तेही किती सभ्य!

आमच्या शहरात तर या शब्दाला भाषेची कुंपणं नाहीत. माझ्या घरामागे विणकरांची तेलुगू घरं आहेत. तिथली नरसम्मा नळाला पाणी कधी येणार असं विचारलं की "आयडिया लेदु" म्हणते. अक्कलकोटकडून आलेली पेशंटची आई "आयडिया इल्ल" म्हणून हात पसरते. आमच्या वॉर्डातली आया हसीनाबी, गोळ्यांची ट्रे कुठं गेली असं विचारल्यावर "आयडिया नै जी" म्हणून मोकळी होते. एका शहरात चार भाषा, आणि चौघींना कळणारा हा एक शब्द. निदान मला इतकी वर्षं तसं वाटत होतं. जो शब्द सगळ्यांना कळतो, तो सगळ्यांना एकच कळतो का, हा प्रश्न मला अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत कधी पडला नव्हता.

कारण याच शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो फक्त दवाखान्यात राहतो. राउंड संपवून डॉक्टर हात धुतात आणि टॉवेल शोधता शोधता म्हणतात, "सिस्टर, सात नंबरच्या नातेवाईकांना आयडिया देऊन ठेवा." याचा अर्थ असा की, सात नंबरच्या खाटेवरचं माणूस आता वाचणार नाही, आणि हे त्याच्या माणसांच्या कानावर घाला. केसपेपरवर हाच अर्थ सोवळं नेसून येतो: 'नातेवाईकांना कल्पना दिली आहे.' खाली सही किंवा अंगठा. शाळेत 'कल्पना करा की तुम्हाला पंख फुटले आहेत' अशा ओळीवर आम्ही पानभर लिहीत असू. त्याच कल्पनेचा उपयोग पुढं मरण कळवायला होईल, हे कुठल्या बाईंनी सांगितलं असतं?

आम्ही हा शब्द का वापरतो, हे मला नीट माहीत आहे. 'पेशंट वाचणार नाही' हे तीन शब्द तोंडातून काढणं अवघड आहे. एखादा डॉक्टर दिवसाला चार जणांशी असं बोलतो. प्रत्येक वेळी तो हे तीन शब्द म्हणू लागला, तर घरी जाऊन जेवणार कसा? म्हणून आयडिया दिली जाते. देणारा सुटतो. घेणाऱ्याच्या हातात नेमकं काय पडलं, हे कुणी पाहत नाही. माझे वडील वैरागच्या बाजारात हमाली करायचे. त्यांच्या शेवटच्या आजारात डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही सिस्टरच आहात, तुम्हाला आयडिया असणारच." मी मान हलवली. घरी येऊन आईला विचारलं, "तुला आयडिया आहे ना?" ती चुलीकडं बघत म्हणाली, "हाय की." तिला खरोखर होती का, हे मी तेव्हाही विचारलं नाही, आणि आता विचारायला ती नाही. मी स्वतः त्या घरातली एकमेव शिकलेली, त्यातही नर्स. पण आमच्या घरात ते तीन शब्द अखेरपर्यंत कुणी उच्चारले नाहीत.

मंगलताई आमच्याकडे आल्या तो एप्रिल होता. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका गावातल्या. वय माझ्याएवढंच. पोटातली गाठ यकृतापर्यंत पोचलेली, अंगावर सूज, पण डोळे आणि जीभ दोन्ही शाबूत. बरोबर नवरा, भानुदास. वॉर्डात आम्ही पेशंटच्या पुरुष माणसांना मामा म्हणतो, म्हणून ते माझेही भानुदासमामा. ते गावात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरत जातं, तसतशा काठावरच्या शेतकऱ्यांना मोटारी आणि पाइप पुढं पुढं न्यावे लागतात. केळी आणि ऊस पाण्यावाचून थांबत नाहीत. त्या दिवसांत या माणसाला उसंत नसते. तरी ते सगळं सोडून पक्कड, वायरी आणि ट्यूबचे तुकडे भरलेली पिशवी तशीच खांद्याला लावून बायकोबरोबर आले होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर त्यांना व्हरांड्यात घेऊन गेले. मी औषधाची गाडी लावत होते, कानावर तुटक तुटक येत होतं. आजार आत पसरलाय, आता त्रास कमी करायचं बघू, तुम्हाला आयडिया देऊन ठेवतो. मामा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मग केसपेपरवर ती नेहमीची ओळ लिहिली गेली आणि मामांनी गोल, वळणदार अक्षरात सही केली. ते परत आल्यावर मी माझं काम केलं. विचारलं, "मामा, डॉक्टरांनी आयडिया दिली ना?"

"व्हय, दिली की," ते म्हणाले. चेहरा स्वच्छ, जरा हलकासुद्धा झालेला. मला वाटलं, माणूस घट्ट आहे. अशी माणसं क्वचित भेटतात, आणि भेटली की सिस्टर लोकांना हायसं वाटतं.

तासाभरात दारापाशीचा कूलर गळायला लागला. पाणी मंगलताईंच्या खाटेखाली आलं. हसीनाबी फडकं आपटत प्लंबरच्या नावानं बोटं मोडायला लागली, तर मामा उठले. "प्लंबर कशाला, शिस्टर? आपल्याकडं हाय की आयडिया." पिशवीतून ट्यूबची पट्टी काढली, दातानं एक टोक धरलं, ताणून ताणून नळीला वेढे दिले, शेवटचं टोक आत खुपसलं. गळती बंद. हसीनाबी लगेच म्हणाली, "मामा, तुम इधरच रह जाओ. बेसिनका नल भी टपकता."

"नळाचं येगळं," मामा अगदी गंभीरपणे म्हणाले. "त्येला वॉशर लागतंय. तितं आयडिया चालत न्हाय."

खाटेवरून मंगलताईंचा आवाज आला, "घरचा नळ सा म्हैनं गळतोय, शिस्टर. तितं ना वॉशर, ना आयडिया." सगळा वॉर्ड हसला. मामाही हसले.

त्याच दुपारी मी सलाइनची बाटली बदलत होते. मामा चहाला खाली गेले होते. मंगलताईंनी माझं मनगट धरलं आणि अगदी हळू विचारलं, "शिस्टर, ह्यांना आयडिया दिलीया का?" त्यांच्या विचारण्यात कसलीही गफलत नव्हती. त्यांना स्वतःला सगळं समजलेलं होतं. बायकांना ते आपल्या अंगातूनच समजतं. मी म्हटलं, "दिलीय, ताई." त्यांनी मनगट सोडलं आणि डोळे मिटले. "बरं झालं. मी कशी सांगू, ह्येच जड चाललं हुतं."

पुढचे दोन दिवस मी त्या खाटेजवळून जाता-येता ऐकत होते. मामा बोलत होते मोटारीविषयी. पाणी किती मागं सरलं, कुणाची मोटार चिखलात बसली, पाइप किती लांबवावा लागेल. मंगलताई ऐकत होत्या, मध्येच एखादं काही विचारत होत्या, आणि वाट पाहत होत्या. कशाची, ते मला नंतर उमगलं. दुसऱ्या दिवशी वेणी घालून देताना त्या मला म्हणाल्या, "लई धीराचा निघाला आमच्या सोनीचा बाप. एवढं कळून बी एक शब्द काढीना. मग मी तरी कशाला काढू?" मी "हो ना" म्हटलं आणि वेणीला पेड घालत राहिले. किती सहज म्हटलं मी ते!

तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास व्हरांड्यातल्या बेसिनपाशी मामा डबा धूत होते. फोन खांदा आणि कान यांच्यात धरलेला. पलीकडे त्यांची मुलगी सोनाली होती, नाशिकला, नवीन नोकरीच्या ट्रेनिंगमध्ये. मामा सांगत होते, "रजा टाकू नगं. ट्रेनिंग पुरं कर तुजं. अगं, डॉक्टरनं आयडिया दिलीया म्हणलं न्हवं का तुला? कसली म्हंजी? आता त्येंच्या हातातलं काम, ते मला कसं कळंल? पर हाय कायतरी. मानूस एवढं शांतपनं सांगतंय म्हंजी हाय."

मी इंजेक्शनची ट्रे हातात घेऊन उभीच राहिले. सरळ होतं सगळं. ज्या माणसाच्या धंद्यात कुणी 'आयडिया आहे' म्हटलं की संध्याकाळपर्यंत मोटार पाणी ओढायला लागते, त्या माणसाला डॉक्टर म्हणाले होते, आयडिया देतो. त्यानं ती घेतली होती. विश्वासानं घेतली होती. आणि माझ्या प्रश्नाला त्यानं शंभर टक्के खरं उत्तर दिलं होतं. त्या उत्तरावर मी मंगलताईंना 'दिलीय' म्हणाले, आणि दोघं नवराबायको दोन दिवस एकाच खाटेच्या दोन कडांना एकमेकांना सांभाळत, एकमेकांपासून लांब बसून राहिले.

डॉक्टर चारला येणार होते. त्यांच्यावर सोडता आलं असतं. नियमाला धरूनच झालं असतं. पण मंगलताईंचे दिवस मला केसपेपरवर दिसत होते आणि नाशिक जवळ नाही. मी ट्रे खिडकीत ठेवली. म्हटलं, "मामा, सोनालीला सांगा, पाच मिनिटांत परत लावतो." आणि त्यांना जिन्याजवळच्या बाकावर घेऊन बसले.

"डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलं, ते मला सांगा."

"आयडिया देतो म्हणले."

"कोणती?"

ते जरा ओशाळून हसले. "ते आपल्याला कुटं कळायचं, शिस्टर?"

मग मी सांगितलं. "मामा, मंगलताई वाचणार नाहीत. औषधानं दुखणं कमी होतंय, आजार कमी होत नाही. चार दिवस मिळतील, कदाचित तेवढेही नाहीत." आवाज चढवला नाही, खाली पाहिलं नाही, पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. ते माझ्या तोंडाकडं पाहत होते, इंजिनाच्या आवाजात समोरच्याचे ओठ वाचावेत तसे.

"मग आयडिया?" ते म्हणाले.

"हीच. आम्ही यालाच आयडिया म्हणतो."

बेसिनचा नळ टपकत होता. मग ते म्हणाले, "ह्येला आयडिया म्हंत्यात व्हय." रागानं म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. एखाद्या अनोळखी हत्याराचं नाव समजून घ्यावं, तसं म्हणाले.

फोन त्यांनीच लावला. "सोने, निघ. आत्ताच्या आत्ता निघ. न्हाय, न्हाय म्हणलं ना, तसं न्हाय ते. मला कळलंच न्हवतं." मग ते वॉर्डात गेले, आणि मी मागोमाग गेले. जायला हवंच होतं. मंगलताईंनी नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि ताठ होऊन बसायची धडपड केली.

"तुला म्हाईत हुतं?" मामांनी विचारलं.

"व्हय की. तुमाला न्हाय?"

"न्हाय."

"शिस्टर तर म्हणल्या, दिलीया म्हणून." आणि दोघांनी माझ्याकडं पाहिलं.

मी म्हटलं, "म्हटलं होतं. मी चुकले. त्यांना काय समजलंय, हे मी विचारलंच नाही."

"म्हंजी," मंगलताई नवऱ्याला म्हणाल्या, "दोन दिस ह्यो मानूस मला खरंच मोटारीचंच सांगत हुता?" आणि हसायला लागल्या. हसताना पोटात कळ आली तरी थांबेनात. मामांनी त्यांच्या पायाशी डोकं टेकलं, आणि त्यांची पाठ हलत होती ती हसण्यानं की आणखी कशानं, हे पाहायला मी थांबले नाही. पडदा ओढून घेतला. दुसरी कामं होती.

सोनाली दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. आईनं तिच्या हातून चार चमचे पेज खाल्ली. त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी, कूलर चालू असताना, मंगलताई गेल्या. त्या दीड दिवसात पडद्याआड काय काय बोलणं झालं, हे माझ्या कानांवर आलं नाही. एवढं खरं की मोटारीचा विषयही निघाला होता, कारण गावातल्या मोटारी आता कुणी पुढं न्यायच्या, हे मंगलताई मामांना खडसावून सांगत होत्या. न्यायला आलेल्या भावकीबरोबर निघताना मामा माझ्यापाशी थांबले. "तुमी सांगितलंत ते बरं केलंत," एवढंच म्हणाले. त्यांच्या बायकोच्या उरलेल्या चार दिवसांतले दोन माझ्या एका शब्दात गेले होते. ते त्यांनी मोजले नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. मी मोजते.

दोष शब्दाचा आहे का? मी पुष्कळ विचार केला. बिचारा शब्द दूर देशातून आला, इथं सगळ्यांच्या घरी उपयोगी पडला. अंदाजाला, युक्तीला, बेताला, लबाडीला, सगळ्यांना पुरला. आम्ही त्याच्याकडून एक जास्तीचं काम करून घेतलं, जे काम माणसानं स्वतःच्या तोंडानं करायचं असतं. आणि आमची 'कल्पना' तरी काय वेगळी आहे? तिच्या आड उभं राहूनही मी तेच केलं असतं. भाषा मराठी आहे की इंग्रजी, याला अशा वेळी फारसं महत्त्व नसतं. समोरच्याला कळावं म्हणून बोलतोय की आपण सुटावं म्हणून, एवढंच विचारायला हवं.

मी काही मोठं केलं नाही. दोन सवयी बदलल्या. केसपेपरवर मी आता ती ओळ लिहीत नाही. जे बोललं गेलं तेच वाक्य लिहिते, 'पेशंट वाचणार नाही असे सांगितले.' नव्यानं आलेले डॉक्टर एकदा म्हणाले, "सिस्टर, हे वाचायला जरा कठोर वाटतं." मी म्हटलं, "वाटू दे, सर. खाली सही करणाऱ्याला कळलं पाहिजे." ते थोडा वेळ पेन फिरवत राहिले, मग त्यांनीही तसंच लिहिलं. दुसरी सवय अशी की, 'आयडिया दिली ना?' असं मी विचारत नाही. 'डॉक्टर काय म्हणाले, ते तुमच्या शब्दांत मला सांगा,' असं म्हणते. माणसं मग सांगतात. अडखळत, रागानं, कधी मला शिव्या देत. काही जण सांगता सांगताच पहिल्यांदा ऐकतात. वेळ जातो. जाऊ दे.

यंदा मार्चमध्ये कूलर साफ करायला माणूस आला. गवत बदललं, टाकी घासली, आणि नळीपाशी येऊन थांबला. "सिस्टर, ही ट्यूब काढून नवीन क्लॅम्प लावू का?"

"गळतंय का?"

"नाही."

"मग राहू दे."

त्यानं पट्टी बोटानं चाचपून पाहिली. "ज्यानं बांधलीय त्याची आयडिया चांगली आहे," म्हणाला. मी हो म्हटलं. त्या जागी तो शब्द अगदी बरोबर होता.

त्यानं बटण दाबलं. आधी ओल्या गवताचा वास आला, मग पाण्याचा. दारापाशीच्या खाटेवरच्या म्हातारीची सून पदरानं चेहरा पुसत व्हरांड्यातून आत आली. डॉक्टर तिच्याशी बोलून नुकतेच पुढं गेले होते.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"आयडिया दिलीया," ती म्हणाली.

फिनेलचा वास अजून चढला नव्हता. मी दोन स्टुलं कूलरसमोर ओढली, एकावर तिला बसवलं आणि दुसऱ्यावर मी बसले.